गौळणीतला कृष्ण, मालिकेतला खंडोबा

बीड जिल्ह्यात देव करमणुकीच्या मंचावर आले ते दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी. जत्रेतला तमाशा, खंडोबाचे जागरण, भारुडातली सोंगे, दारोदार फिरणारा बहुरूपी या सगळ्यांत देव पात्र म्हणून वावरत, आणि तिथे त्यांची थट्टाही होई. एखाद्या मालिकेत किंवा विनोदी कार्यक्रमात देवाची विटंबना झाली म्हणून अर्ज, मोर्चा किंवा फिर्याद करण्याची रीत त्या मानाने अगदी अलीकडची. तिचे वय चाळीस वर्षांच्या आसपास भरेल. जुन्या काळी लोक सोशीक होते आणि आता चिडखोर झाले, असे याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्यासारखे नाही. जुन्या थट्टेलाही कडक नियम होते. कोणी हसवायचे, कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि आधी काय विधी करून, हे ठरलेले असे. दूरचित्रवाणीने देव घरोघर नेले; हे नियम मात्र मंडपातच राहिले.

या भागातल्या दैवतकथाच मुळी घरगुती आहेत. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची, त्यातही चित्पावनांची कुलस्वामिनी. कोकणची देवी बालाघाटाच्या डोंगरात कशी आली, याचे उत्तर लोक एका मोडलेल्या लग्नाने देतात. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला, वऱ्हाड निघाले, अंबाजोगाईला येऊन थांबले आणि तिथेच मुहूर्त टळला. वऱ्हाडी दगड झाले, देवी कुमारीच राहिली. गावाबाहेरच्या हत्तीखाना लेण्यांना या लग्नाचा जानवसा मानतात आणि तिथले दगडी हत्ती पाहुण्यांना वऱ्हाडातले म्हणून दाखवतात. परळीला वैजनाथाच्या लिंगाला भाविक स्वतः हात लावून दर्शन घेतो. अंबाजोगाईला त्याच वैजनाथाचे लग्न कसे हुकले ते सांगतो. दोन्हींत त्याला काही विसंगत वाटत नाही. हीच गोष्ट आज कोणा पटकथाकाराने नव्याने रचली असती, तर देवीचे लग्न मोडलेले दाखवले म्हणून तिच्यावर आक्षेप आलाच असता.

देवाच्या अपमानावर उपाय काय, याचाही जुना विचार या जिल्ह्यात घरोघर वाचला जातो. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १७६३ मध्ये पेशव्यांनी निजामाचा पराभव केला तो इथेच. पण गावाची रोजची ओळख शनीच्या ठाण्यामुळे. महाराष्ट्रातल्या साडेतीन शनिपीठांत त्याची गणना होते. शनिवारी वाचल्या जाणाऱ्या शनिमाहात्म्याच्या मराठी पोथीचा सगळा डोलारा एका उपहासावर उभा आहे. विक्रम राजाच्या दरबारात नवग्रहांत श्रेष्ठ कोण याची चर्चा चालली असताना शनीच्या जन्माची हकिकत निघते. जन्मताच त्याची दृष्टी पडून बापाच्या अंगावर कोड उठले, सारथी पांगळा झाला, घोडे आंधळे झाले, हे ऐकून राजाला हसू येते. असा पुत्र काय कामाचा, असे तो बोलून जातो. विमानातून जाणारा शनी ते ऐकतो आणि राजाच्या राशीला येतो. पुढे परमुलखात चोरीचा आळ, हातपाय तोडण्याची शिक्षा, तेल्याच्या घाण्यावर काढलेली वर्षे, आणि साडेसाती संपल्यावर सगळे पूर्ववत. या कथेत राजाविरुद्ध कोणी फिर्याद करत नाही. ज्याचा उपहास झाला तोच शासन करतो आणि तोच माफ करतो. शिवाय पोथीच्या अखेरीस शनी आपण शंकराला, रामाला, कृष्णाला कसे छळले तेही अभिमानाने सांगतो. श्रोते हे सगळे हात जोडून ऐकतात.

शेजारच्या पैठणहून एकनाथांची भारुडे गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरली. एकनाथांनी (१५३३–१५९९) वाघ्या, जोगतीण, गोंधळी, कोल्हाटीण, महारीण यांची सोंगे घेऊन अध्यात्म सांगितले. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीला नवस बोलते आणि घरातल्या एकेकाला उचलून नेण्याची विनवणी करते. ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, आणि ही सासू, नणंद, जाऊ म्हणजे मनाचे विकार असा त्याचा अर्थ लावला जातो. देवीला इतक्या स्वार्थी मागण्या घालणारे गाणे संताने लिहिले आणि ते देवळातच गायले गेले. गंगाखेडची जनाबाई तर विठ्ठलाला सरळ शिव्या घालते. भक्तीत भांडण धरलेले असते, कारण भांडण आपल्या माणसाशीच होते.

उत्सवाच्या अखेरीस देवळात होणारे ललित याच घराण्यातले. भालदार-चोपदारांपासून वासुदेव, गोंधळी, आंधळे-पांगळे अशी सोंगे एकामागून एक येत, देवासमोर आपली दुःखे मांडत आणि त्या ओघात गावातल्या मातबरांनाही टोचून घेत. मराठी रंगभूमीच्या पूर्वजांत अभ्यासक ललिताला धरतात ते याच कारणाने.

थट्टेचे नियम सर्वांत स्पष्ट दिसतात ते तमाशात. खेळाची सुरुवात गणाने होते. ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीत गणपतीला आवाहन झाल्याशिवाय पुढचा एक शब्दही उच्चारला जात नाही. त्यानंतर गौळण. डोक्यावरून पदर घेतलेल्या गौळणी पाठमोऱ्या उभ्या असतात, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या. वाट अडवायला कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या येतात. गौळणींची म्होरकी मावशी. ही भूमिका पुरुषच करतो. मिशी तशीच, वर लुगड्याचा पदर. कृष्ण दूध-दह्याचे दाण मागतो आणि मावशी त्याला विचारते: तू कोण, कोणाचा, कोणाच्या हुकमाने वसुली करतोस? इथून पुढे संहिता नसते. ज्या गावात फड लागला असेल तिथले सावकार, पाटील, बाजारातले भाव, सरकारी कर सगळे त्या वादात ओढले जाते. मावशी कृष्णाच्या चोऱ्या काढते, त्याच्या दोन आया काढते, त्याच्या काळ्या रंगावर बोलते. पेंद्या मध्येच फितूर होतो. लोक पोट धरधरून हसतात, आणि शेवटी मावशीच कृष्णाला ओळखून हात जोडते. या शरणागतीशिवाय गौळण संपत नाही. तिच्यानंतर बतावणी, लावण्या आणि वग. वगात राजे, चोर, कोतवाल, कधी इंद्राचा दरबारही येतो. पण देवाला तोंडावर खडसावण्याचा मान गौळणीतल्या मावशीचाच.

जागरणात चौकट याहून घट्ट असते. बीड शहराच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे; समोरच्या दोन उंच दीपमाळा दुरून दिसतात. लग्नानंतर किंवा नवस फेडायचा म्हणून ज्या घरी जागरण घालतात तिथे उसाच्या किंवा ज्वारीच्या पाच ताटांचा मांडव उभा करतात, चौक भरतात, घट बसवतात, दिवटी पाजळतात. वाघ्या डिमडी वाजवतो, मुरळी घाटी. भंडारा उधळून देव आणला, की रात्रभर त्याच देवाच्या संसाराची लक्तरे वेशीवर टांगायला हरकत नसते. सारीपाटात खंडोबा म्हाळसेकडून हरतो, बारा वर्षे घराबाहेर काढली जातात, धनगराच्या वाड्यावर बाणाईसाठी तो गडी म्हणून राबतो, मेंढरे धुतो. दुसरी बायको घेऊन घरी आला म्हणून म्हाळसा त्याला फैलावर घेते. दोघी सवती एकमेकींचे माहेर, जात, जेवणखाण काढतात: एक वाण्याची, एक धनगराची. बसलेल्यांत दोन्हीकडचे लोक असतात आणि दोघींच्या टोमण्यांना दाद मिळते. पहाटे लंगर तुटतो, आरती होते, आणि ज्या देवाची रात्रभर उणीदुणी काढली त्याच्याच नावाचा भंडारा कपाळी लावून माणसे उठतात.

या थट्टेहून वेगळी, गंभीर आणि वैचारिक टीकाही एकोणिसाव्या शतकात इथवर पोचली. महात्मा फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दशावतारांची चिकित्सा आहे, तीही संवादातून आणि बोचऱ्या उपहासातून. निजामी मुलखात आर्य समाजाच्या सुरुवातीच्या शाखांपैकी एक बीड जिल्ह्यातल्या धारूरला निघाली. आर्य समाजाला मूर्तिपूजा मान्य नव्हती, आणि पुराणांतल्या देवांच्या लीला तर त्याच्या प्रचारकांचे आवडते लक्ष्य. म्हणजे ज्या कथा गौळणीत हसत ऐकल्या जात, त्याच कथा वेदविरोधी म्हणून टाकून द्याव्यात असे सांगणारी मंडळीही हिंदूच होती. पुढे निजाम सरकारशी झालेल्या संघर्षात आर्य समाज हिंदूंच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा हा जुना वाद मागे पडला. आज तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

धार्मिक भावना दुखावल्याबद्दल आज जे कलम लावले जाते, त्याचाही धागा आर्य समाजाच्याच एका प्रकाशकापाशी जातो. १९२४ मध्ये लाहोरला पैगंबरांविषयी एक पुस्तिका निघाली. तिचा प्रकाशक १९२७ मध्ये उच्च न्यायालयातून सुटला, कारण एखाद्या धर्माच्या अपमानाला नेमके लागू पडेल असे कलमच नव्हते. त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेत २९५-अ आले. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने इथे ते लागू झाले नाही. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारतीय दंडसंहिता या भागात आली. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवताना त्याची हद्दही आखली: जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच गुन्हा, बेसावधपणे किंवा अनवधानाने झालेला नाही. शिवाय न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही अट बातम्यांत क्वचित सांगितली जाते. गुन्हा नोंदला गेला ही मोठी बातमी होते. पुढे मंजुरी मिळाली की नाही, याकडे कोणी पाहत नाही.

चित्रपटाने देवाला पहिल्यांदा फडाबाहेर काढले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे चित्रपट काढले. पडद्यावरचा देव पाहून लोक हात जोडत. त्या काळी सरकारी कात्रीला चिंता देवाची नव्हतीच, राजकारणाची होती. १९२१ च्या ‘भक्त विदुर’वर बंदी आली ती विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून, आणि प्रभातने १९३५ मध्ये एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले तेही त्याच धसक्याने. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाने हे देव मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत नेले. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा देशभर अनेक ठिकाणी प्रेक्षक चपला बाहेर काढून आत बसत, पडद्यावर फुले आणि पैसे उधळत. तंबूच्या थिएटरचे तेवढ्यापुरते देऊळ होई. पडदा असला तरी गर्दी होती, वेळ ठरलेली होती, आणि गणाची जागा आरतीने घेतली होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण मराठवाड्यातल्या खेड्यांना चित्र दिसायला ऐंशीचे दशक उजाडले. अंबाजोगाईला दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र झाले आणि त्याच्या मनोऱ्याच्या दिशेने गावोगावी छपरांवर ॲन्टेना वळले. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’. रविवारी सकाळी संचाला हार घालण्याच्या, उदबत्ती लावण्याच्या हकिकती सगळीकडच्या आहेत. त्याइतकेच लक्ष द्यावे असे दुसरे काही त्याच वेळी घडत होते. रामकथा एकच नाही. तिच्या किती तऱ्हा आहेत हे ज्या लोकांना ओव्या-गाण्यांतून माहीत होते, त्यांच्यासमोर आता देशभर एकाच वेळी एकच राम आला. मग कथेतल्या प्रत्येक निवडीला राष्ट्रीय वजन आले. मालिका राज्याभिषेकाशी थांबणार म्हटल्यावर जालंधर आणि उत्तरेतल्या इतर काही शहरांतल्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश हा भाग दाखवा, ही मागणी. सरकारने ती मानली. मालिकेत काय दाखवले याइतकेच काय गाळले, यानेही समाज दुखावतो, हे दूरदर्शनला तेव्हा कळले.

महाराष्ट्रात त्याच सुमारास वेगळा भडका उडाला होता. राज्य सरकारने १९८७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’च्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्या चरित्रांची चिकित्सा होती. ती वगळावी म्हणून शिवसेनेने मोर्चा काढला. वगळू नये म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये दलित संघटनांनी मुंबईत त्याहून मोठा मोर्चा काढला. अखेर त्यातल्या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप घालून मजकूर ठेवण्यात आला. दर रविवारी कोट्यवधी घरांत पूजला जाणारा राम आणि ग्रंथातला चिकित्सेचा विषय झालेला राम, दोन्हींमागे सरकारच होते: एकीकडे प्रसारक, दुसरीकडे प्रकाशक. १९८८ मध्येच फाळणीवरच्या ‘तमस’ मालिकेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती फेटाळताना न्यायालयाने कसोटी सांगितली, ती समंजस आणि खंबीर मनाच्या प्रेक्षकाची. जागोजाग धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाची नव्हे. विषय देवांचा नसला तरी पुढच्या बहुतेक वादांत हाच दाखला निघतो.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि एका वाहिनीच्या जागी पन्नास झाल्या. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स अधिनियम १९९५ चा. कार्यक्रमसंहिता त्याखालच्या नियमांत आहे. धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला करणारे, धार्मिक समूहांविषयी तुच्छता दाखवणारे दृश्य वा शब्द प्रसारित करू नयेत, असे ती सांगते. तिच्या अंमलबजावणीचे अधिकार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात; पुढे त्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय संनियंत्रण समित्याही नेमण्यात आल्या. म्हणजे बीडच्या प्रेक्षकाची तक्रार कागदोपत्री बीडच्याच कचेरीत करता येऊ लागली. मालिका मात्र मुंबईत बनत होती. मावशीला जे गावच्या चावडीवर ऐकून घ्यावे लागे, ते लेखकाला ऐकवण्याची सोय उरली नव्हती.

परक्या वाहिन्यांवरचे देव हे एक निराळेच प्रकरण. १९९९ मध्ये ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात कृष्ण आणि हनुमान पात्रे म्हणून आले. अमेरिकेतल्या हिंदू संघटनांनी निषेध केल्यावर निर्मात्यांनी तो भाग मागे घेतला आणि नंतर काटछाट करून पुन्हा दाखवला. मालिकेतला कृष्ण खरे तर आदरानेच रंगवलेला होता. रोष होता तो उपास्य देवाला कल्पित मालिकेतले एक पात्र केल्याचा. असा आक्षेप मराठवाड्यातल्या जुन्या श्रोत्याला कळलाच नसता.

महाराष्ट्रात या रागाने एकदा हिंसक वळण घेतले, तेही छोट्या पडद्यावरून नव्हे, नाटकावरून. ‘यदा कदाचित’ (१९९९) या संतोष पवारांच्या नाटकाने पौराणिक पात्रांची धमाल उडवली. त्याचे प्रयोग तुफान चालले आणि त्याला विरोधही झाला. नंतर ‘आम्ही पाचपुते’ या महाभारतावरच्या विडंबननाट्याच्या निमित्ताने मे-जून २००८ मध्ये वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनात बॉम्ब ठेवले गेले. ठाण्यात स्फोट होऊन माणसे जखमी झाली. २०११ मध्ये दोघांना शिक्षा झाली. या नाटकांचे तंत्र पुष्कळसे गौळण-बतावणीचेच होते. फक्त त्यांना तिकीटबारी होती, आणि प्रेक्षागृहात हसणारा प्रेक्षक व बाहेर संतापलेला माणूस एकमेकांना ओळखत नव्हते.

मराठी वाहिन्यांवरच्या देवांच्या मालिकांचा नवा काळ १८ मे २०१४ रोजी ‘जय मल्हार’ने सुरू झाला. महेश कोठारे यांच्या निर्मितीतल्या या मालिकेत देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा आणि ईशा केसकर बाणाई होती. एप्रिल २०१७ पर्यंत ती चालली. जागरणात हजारदा गाइलेली सवतींची कथा आता रोज संध्याकाळी, सोन्याच्या अलंकारांत आणि संगणकी चमत्कारांत दिसू लागली. मालिकेने खंडोबाची कुठे टवाळी केली असे म्हणता येणार नाही. तिने केले ते उलटे: मेंढरे राखणारा, म्हाळसेपुढे वरमणारा देव पीळदार दंडांचा, सदा गंभीर आणि निर्दोष झाला. ज्या कमतरतांमुळे तो जागरणात घरचा वाटे त्या हळूहळू घासून गेल्या. देवाचे विकृत चित्रण म्हटले की लोकांना थट्टा आठवते. पण परंपरेला धक्का बसतो तो या गुळगुळीत आदरानेही, आणि त्याविरुद्ध कोणी अर्ज करत नाही. हिंदीतली ‘कर्मफल दाता शनी’ (२०१६–२०१८) मालिकाही अशीच: ज्याच्या नुसत्या नजरेने राजे भिकेला लागत, तो शनी तिथे बापाच्या प्रेमाला मुकलेला न्यायप्रिय मुलगा झाला.

२०२० च्या ऑक्टोबरात ‘दख्खनचा राजा जोतिबा’ सुरू झाली, तेव्हा आक्षेप आला तो जोतिबाच्या डोंगरावरूनच. मालिकेची कथा ‘केदारविजय’ ग्रंथाला धरून नाही, अशी तिथल्या पुजारी-ग्रामस्थांची तक्रार होती. इथे विनोदाचा प्रश्नच नव्हता. देवाची कथा सांगण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न होता. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली, त्यांना न विचारता ती दुसऱ्या कोणी विकली, ही त्यामागची बोच होती. अशा तक्रारी देवाच्या गावाहून येतात, तेव्हा त्यांत तपशील असतो: कोणता प्रसंग, कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात. दुरून येणाऱ्या संतापात तो क्वचितच असतो.

जानेवारी २०२१ मधले ‘तांडव’ या वेबमालिकेचे प्रकरण या इतिहासात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वादग्रस्त प्रसंगात महाविद्यालयातल्या मंचावर शंकराच्या सोंगातला एक विद्यार्थी चालू राजकारणावर बोलतो. देवाच्या सोंगात येऊन भोवतालच्या सत्तेवर टीका करायची ही युक्ती ललिताला आणि बतावणीला पूर्ण परिचयाची. पण इथे गण नव्हता, शरणागती नव्हती, आणि ऐकणाऱ्याला उठून चार शब्द सुनावता येतील असा सोंगाड्याही समोर नव्हता. अनेक राज्यांत गुन्हे दाखल झाले, निर्मात्यांनी माफी मागितली, प्रसंग काढून टाकला. तरीही २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने कलाकार-निर्मात्यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण देण्यास नकार दिला. २५ फेब्रुवारीला केंद्राने माहिती-तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. वेबमालिकांसाठी तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या: आधी प्रकाशक, मग उद्योगाची स्वनियमन संस्था, शेवटी सरकारी समिती. १७ जूनला केबल वाहिन्यांसाठीही तशीच व्यवस्था झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत जुने २९५-अ हे कलम २९९ झाले आहे; मजकूर जवळपास तोच, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत.

दरम्यान दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे जुने प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने बंद झाले. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीवरही आता मालिका हातातल्या फोनवर दिसते. जागरणे, गौळणी, कीर्तने थांबलेली नाहीत. हंगामात त्यांच्या तारखा आगाऊ ठरलेल्या असतात. बदल झाला तो असा, की त्यांतलेही तुकडे आता फोनवर फिरतात. मावशीने कृष्णाचे माप काढले ते अर्धा मिनिट चित्रफितीत येते. आधीचा गण आणि नंतरचे हात जोडणे त्यात नसते. गौळण गावात चालू असताना तिला न लागलेली कायद्याची कलमे या अर्ध्या मिनिटाला लागू शकतात. मालिकेच्या निर्मात्याकडे वकील असतो. फडमालकाकडे आणि वाघ्याकडे तो नसतो. त्यामुळे काही कलावंत आता कार्यक्रम सुरू होण्याआधीच फोन खाली ठेवायला सांगतात.